गोळ्यांची वही

आम्ही बँकेत काउंटरवर बसतो. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात पेन्शनर मंडळींची रांग लागते. पासबुकात रुपयाचा फरक दिसला तरी ते लगेच विचारतात, आणि ते योग्यच आहे. पण "काका, मागच्या वेळी बीपी किती होते?" असे विचारले, तर "ते डॉक्टरांना ठाऊक" असे उत्तर येते. आमचे वडीलही हेच म्हणत.

वडील कारखान्यातून निवृत्त झाले होते. गोळ्यांनी बीपी उतरले, डोके दुखायचे थांबले, तेव्हा "बरा झालो, आता कशाला पैसे घालायचे?" म्हणून त्यांनी आपणहून गोळ्या बंद केल्या. सहा महिन्यांत अर्धांगवायूने उजवी बाजू गेली, वाचाही गेली. बीपी उतरले ते गोळीमुळे, गोळी थांबली की ते पुन्हा चढते, ही साधी गोष्ट आम्हा पदवीधरालाही ठाऊक नव्हती. दवाखान्यात कुणी सांगितली नाही आणि आम्ही विचारली नाही.

उच्च रक्तदाब व मधुमेह हे बहुधा जन्मभराचे आजार. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2023 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात सुमारे 10 कोटी मधुमेही आहेत. एवढ्यांना मोठी रुग्णालये कशी पुरणार? म्हणून तिशीपुढील स्त्री-पुरुषांची तपासणी उपकेंद्रात व प्राथमिक आरोग्य केंद्रात करण्याचे सरकारी धोरण आहे. तरी डॉक्टरांची भेट महिन्यातून पाच मिनिटांची. बाकीचे दिवस रुग्ण आणि त्याचे घर.

भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून आरंभी भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग व वर्धा हे जिल्हे होते. तेथे नवे औषध काढले नाही. ठरलेल्या मोजक्या गोळ्या एकदम महिन्याच्या द्यायच्या, प्रत्येकाचे कार्ड ठेवायचे, जो आला नाही त्याची चौकशी करायची, एवढेच. या उपक्रमाला 2022 साली संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कार मिळाला.

आपल्या घरीही हे जमते. एका वहीत तारीख, बीपी वा साखरेचा आकडा आणि घेतलेली गोळी लिहावी. विद्यार्थी मित्रांनो, आजीआजोबांची वही तुम्ही लिहा. बीपी मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू नको. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, हात छातीच्या उंचीवर. दिवसाचे एकूण मीठ एका चमच्याहून कमी. लोणचे, पापड आणि आपला नाशिकचा चिवडा त्या हिशेबात धरावा (चिवड्याबाबत आम्हीही कच्चे आहोत).

मधुमेहात पायाची संवेदना कमी होते, खिळा रुतला तरी कळत नाही. रोज रात्री तळवे आरशात पाहावेत, बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात, अनवाणी फिरू नये. जखम दिसली तर हळद भरून बसू नये, केंद्रात जावे. गोळी किंवा इन्शुलिन घेऊन जेवण चुकले आणि घाम सुटून थरथर झाली, तर लगेच तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नये, 108 ला फोन करावा. तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोलणे अडखळले तरीही 108 च. सकाळची वाट पाहू नये. आम्ही पाहिली होती.

आता आईलाही बीपी आहे. तिला वाचता येत नाही, आकडे नात लिहिते. केंद्रात जाताना आई ती वही रेशनकार्डाच्या पिशवीत घालून नेते आणि नर्सबाईंपुढे स्वतः उघडून धरते.