नखाच्या मुळाशी काय दिसतं?

अनामिकेच्या नखाच्या मुळाशी त्वचेची एक पातळ घडी नखावर चढलेली असते. तिच्यावर तेलाचा एक थेंब सोडायचा आणि सूक्ष्मदर्शक टेकवायचा. दोनशेपट मोठं करून पाहिलं, की पडद्यावर उलट्या ‘यू’च्या आकाराच्या लालसर रेघा ओळीने उभ्या दिसतात. या केशवाहिन्या. एका अंगाने रक्त वर चढतं, वळसा घेतं, दुसऱ्या अंगाने उतरतं, आणि नीट निरखलं तर ते वाहतानाही दिसतं! अंगावर बहुतेक ठिकाणी या वाहिन्या त्वचेकडे सरळ वर येतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याच्या वाट्याला नुसते ठिपके येतात. नखाशी मात्र त्या आडव्या पहुडलेल्या असतात. सुई न टोचता माणसाच्या सर्वांत बारीक रक्तवाहिन्या अख्ख्या दिसाव्यात, अशा जागा शरीरात फार थोड्या आहेत.

निरोगी बोटात दर मिलिमीटरला अशा सात किंवा त्याहून जास्त रेघा असतात, साधारण एकसारख्या. स्क्लेरोडर्माच्या रुग्णाच्या बोटात मात्र चित्रच बिघडलेलं असतं. आधी काही वाहिन्या फुगून ५० मायक्रॉनहून जाड होतात. मग त्यांतून रक्त झिरपून बारीक डाग पडतात. पुढे वाहिन्या नाहीशाच होऊ लागतात आणि मध्ये ओसाड पट्टे उरतात. सगळ्यात शेवटी उरलेल्या वाहिन्यांना वेड्यावाकड्या फांद्या फुटतात. हा क्रम इतका ठरलेला आहे, की बोट पाहून आजाराने किती मजल मारली आहे याचा अंदाज बांधता येतो.

आजार तरी काय आहे? शरीराची संरक्षणयंत्रणा स्वतःवरच उलटते, बारीक रक्तवाहिन्या बिघडतात आणि जखम भरून काढणारे तंतू जखम नसतानाही साठत जातात. त्वचा घट्ट होते, बोटं वाकेनाशी होतात, तोंड पुरेसं उघडत नाही. एवढ्यावर थांबलं तरी माणूस निभावून नेईल. पण तेच तंतू फुप्फुसात साठू शकतात, तीच वाहिन्यांची बिघाडी किडनीत किंवा हृदयाकडून फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तमार्गात होऊ शकते. प्रत्येकाला सगळं होत नाही, हीच तर मेख आहे. दोन बायका एकाच दिवशी ओपीडीत येतात, दोघींची बोटं सारखीच सुजलेली. एकीची किडनी दोन वर्षांत धोक्यात येते, दुसरी वीस वर्षं घर-नोकरी सांभाळते आणि मग जिना चढताना तिला धाप लागू लागते. कुणाचं काय होणार, हे पहिल्याच भेटीत ओळखता येईल?

बऱ्याच अंशी येतं!

सुरुवात बहुधा थंडीने होते. फ्रिजमधलं भांडं उचललं, की बोटं पांढरी पडतात, मग निळसर होतात आणि ऊब मिळाली की लाल. मॉरिस रेनॉ या फ्रेंच डॉक्टराने १८६२ साली आपल्या प्रबंधात याचं वर्णन केलं, म्हणून त्याचंच नाव या त्रासाला चिकटलं. (सावळ्या कातडीवर हे रंग इतके ठसठशीत उमटत नाहीत, त्यामुळे आपल्याकडे तक्रार ‘बोटं बधिर होतात’ एवढ्यावरच संपते. बोटं पांढरी पडतील त्या क्षणी मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. डॉक्टरांच्या खोलीत ती हमखास शहाण्यासारखी वागतात.) रेनॉचा त्रास असणाऱ्या बहुतेकांना पुढे काहीच होत नाही. मग घाबरायचं कुणी?

कॅनडातल्या माँट्रियलमध्ये रेनॉचा त्रास असलेल्या ५८६ जणांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवलं गेलं, काहींवर तर वीस वर्षांपर्यंत. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एकूण १२.६ टक्के लोकांना स्क्लेरोडर्मा झाला. पण ज्यांच्या नखाशी बिघडलेल्या वाहिन्या होत्या आणि रक्तात या आजाराची खास अँटिबॉडीही होती, त्यांच्यात हे प्रमाण सुमारे ८० टक्के निघालं. दोन्ही नसलेल्यांत ते दोन टक्क्यांच्याही आत होतं. तेलाचा एक थेंब आणि रक्ताची एक बाटली, एवढ्या भांडवलावर!

ही अँटिबॉडी म्हणजे या गोष्टीतलं सर्वांत चक्रावणारं प्रकरण. तपासणीच्या कागदावर ‘एएनए’ लिहिलेलं असतं. लॅबमध्ये काचेवर माणसाच्या पेशी पसरलेल्या असतात, त्यांवर रुग्णाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम, सोडतात. त्यातल्या अँटिबॉडी आपापलं लक्ष्य शोधून पेशीत जाऊन चिकटतात. मग चमकणारा रंग घालून अंधारात पाहायचं. काही रुग्णांच्या सीरमने पेशीच्या केंद्रकात ४० ते ८० सुटे हिरवे ठिपके उजळतात. विभागणीला आलेल्या पेशीत तेच ठिपके मधोमध एका पट्ट्यात गोळा होतात. प्रत्येक ठिपका म्हणजे एका गुणसूत्राचा सेंट्रोमिअर, पेशी दुभंगताना गुणसूत्र जिथे पकडून ओढलं जातं ती जागा.

इथे एक आडवळण घेतल्याशिवाय राहवत नाही. सेंट्रोमिअर नेमका कशाचा बनतो, हे जीवशास्त्रज्ञांना ठाऊक नव्हतं. त्यांना पत्ता दिला तो या रुग्णांच्या रक्ताने. १९८० साली एंग टॅन यांच्या गटाने दाखवलं, की काही स्क्लेरोडर्मा रुग्णांच्या अँटिबॉडी थेट सेंट्रोमिअरवर जाऊन बसतात. १९८५मध्ये विल्यम अर्नशॉ आणि नाओमी रॉथफील्ड यांनी तशाच सीरमचा गळ टाकून तिथली प्रथिनं बाहेर काढली. आज पेशीविभाजनाच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात ती आहेत. आणखी एक गंमत: काचेवरच्या त्या पेशींना ‘हेप-२’ म्हणतात आणि त्या घशाच्या कर्करोगातल्या आहेत असं समजलं जात होतं. पुढे उघड झालं, की त्या मुळात हेला पेशी आहेत, १९५१मध्ये वारलेल्या हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईच्या. पुण्या-मुंबईच्या लॅबमध्ये हेप-२ पेशींवर एएनए होतो, तेव्हा तोही तिच्याच पेशींवर.

आता मुद्द्यावर येऊ. स्क्लेरोडर्माच्या या खास अँटिबॉडी अनेक आहेत, पण एका रुग्णात बहुधा एकच सापडते. आणि ती सहसा बदलत नाही. सेंट्रोमिअरवाली सापडली, तर आजार सावकाश चालतो. रेनॉचा त्रास कधीकधी दशकभर आधी सुरू झालेला असतो, त्वचा हात-चेहऱ्यापुरती घट्ट होते. धोका उशिरा येतो: फुप्फुसाच्या रक्तवाहिन्या आखडून तिथलं प्रेशर वाढणं. टोपोआयसोमरेज-१वाली, म्हणजे रिपोर्टमधली ‘एससीएल-७०’, सापडली तर नजर फुप्फुसाच्या जाळीवर ठेवायची. तिथे तंतू साठायला लागले, तर ते बहुधा पहिल्या काही वर्षांतच. तिसरी आरएनए पॉलिमरेज-३ची. ती भरधाव. त्वचा महिन्या-महिन्याला घट्ट होत जाते आणि किडनी धोक्यात येते.

जरा थांबा. ही तिन्ही लक्ष्यं शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत असतात. गुणसूत्रं नाहीत किंवा आरएनए बनत नाही असा अवयव कुठला? मग एका अँटिबॉडीच्या वाटेला फुप्फुस आणि दुसरीच्या वाटेला किडनी असं का? याचं पूर्ण उत्तर विज्ञानाकडे अजून नाही. कारण कळलेलं नाही, तरी अंदाज उपयोगी ठरतो.

रक्ताखेरीज हातांनीही बरंच कळतं. डॉक्टर अंगावरच्या १७ जागी त्वचा चिमटीत धरतात आणि प्रत्येक जागेला ० ते ३ गुण देतात. बेरीज जास्तीत जास्त ५१. यंत्र नाही, वीज नाही. आकड्यापेक्षा तो किती वेगाने चढतो हे अधिक बोलकं असतं. चढ जितका तीव्र, तितकी किडनीची काळजी जास्त. मग डॉक्टर घोट्यापाशी तळवा ठेवतात आणि रुग्णाला पाऊल वर-खाली करायला सांगतात. काहींच्या स्नायुबंधाखाली नवी कोरी कोल्हापुरी वाकवावी तशी करकर हाताला लागते. ही करकर आजार अंगभर पसरण्याची आणि आतल्या अवयवांना त्रास होण्याची आगाऊ खूण आहे.

किडनीचं संकट येतं तेव्हा बीपी एकाएकी उसळतं आणि काही दिवसांत किडनी बंद पडू शकते. एके काळी हे मरणाचंच बोलावणं होतं. पिट्सबर्गच्या व्हर्जिनिया स्टीन आणि सहकाऱ्यांनी १९९०मध्ये जुने-नवे रुग्ण ताडून पाहिले. एसीई इनहिबिटर गटातली औषधं न मिळालेल्यांपैकी वर्षभरानंतर १५ टक्के जिवंत होते, औषध मिळालेल्यांपैकी ७६ टक्के. या गटातलं पहिलं गोळीच्या रूपातलं औषध, कॅप्टोप्रिल, सुचलं कुठून? ब्राझीलच्या जराराका नावाच्या सापाच्या विषावरून!

मग ज्यांना धोका आहे त्यांना ही गोळी आधीपासूनच सुरू करावी, असं कुणालाही वाटेल. डॉक्टरांनाही वाटलं होतं. पण संकटाआधीच गोळी चालू असलेल्यांना फायदा दिसला नाही, उलट काही पाहण्यांत त्यांचे हाल जास्तच झालेले दिसले. त्यामुळे भाकिताचा उपयोग वेगळा होतो: घरी बीपीचं मशीन ठेवायचं, नेमाने आकडे लिहायचे, नेहमीच्या आकड्यापेक्षा बीपी चढलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं आणि स्टेरॉइडचा मोठा डोस शक्यतो टाळायचा, कारण तो संकटाला आवतण देतो. ज्याचं बीपी कायम १००च्या आसपास असतं, त्याचं १३० होणं हीसुद्धा धोक्याची घंटा आहे, मग कागदावर तो आकडा कितीही सभ्य दिसो.

किडनी सावरली, तशी मृत्यूच्या कारणांत फुप्फुसं पुढे आली. तिथली तपासणी मला विलक्षण देखणी वाटते. रुग्ण अत्यल्प कार्बन मोनॉक्साइड मिसळलेली हवा ओढतो, दहा सेकंद श्वास रोखतो, सोडतो. किती वायू परत आला नाही ते मोजलं, की किती रक्तात शिरला ते कळतं. सोबत, छाती भरून घेतलेला श्वास जोराने पूर्ण सोडला की किती हवा बाहेर येते हेही मोजतात. आता गंमत बघा. दोन्ही आकडे जोडीने घसरले, तर फुप्फुसाची जाळी तंतूंनी आक्रसत असण्याची शक्यता जास्त. हवा भरपूर बाहेर येते पण वायू मात्र रक्तात नीट शिरत नाही, असं असेल तर संशय रक्तवाहिन्यांवर जातो. नुसत्या भागाकारातून आजाराचे दोन रस्ते वेगळे पडतात.

डिटेक्ट नावाच्या आंतरराष्ट्रीय अभ्यासाने हाच भागाकार घेतला. जोडीला चेहऱ्या-हातांवरचे लाल ठिपके, सेंट्रोमिअरची अँटिबॉडी, हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारं एक प्रथिन, युरिक अॅसिड आणि ईसीजीचा कल घेतला. या साध्या गोष्टींची बेरीज करून इको कुणाचा करायचा ते ठरतं. मग इकोचे दोन आकडे मिळवून हृदयात नळी घालून प्रेशर मोजायचं की नाही ते. त्या काळच्या प्रचलित नियमांतून फुप्फुसातलं वाढलेलं प्रेशर २९ टक्के रुग्णांत निसटत होतं, या बेरजेतून ४ टक्क्यांत. युरिक अॅसिड, जे आपण गाउटसाठी पाहतो, ते इथे साक्षीला येईल असं कुणाच्या ध्यानीमनी तरी होतं का?

आणि आरएनए पॉलिमरेज-३ची गोष्ट अजून अर्धीच सांगितली आहे. ही अँटिबॉडी असलेल्यांपैकी काहींना स्क्लेरोडर्मा सुरू होण्याच्या सुमारासच कर्करोगही सापडतो, हे डॉक्टरांच्या नजरेत भरत होतं. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी कर्करोग झालेल्या १६ स्क्लेरोडर्मा रुग्णांच्या गाठी तपासल्या. २०१४मध्ये ‘सायन्स’मध्ये निकाल आला: ही अँटिबॉडी असलेल्या आठपैकी सहा जणांच्या गाठीत नेमक्या त्याच प्रथिनाच्या जनुकात बिघाड होता. अँटिबॉडी नसलेल्या आठांपैकी एकाच्याही गाठीत तो नव्हता.

म्हणजे घटनाक्रम कदाचित उलटा आहे. आधी कुठेतरी गाठ होते, तिच्यातलं एक प्रथिन बदलतं, संरक्षणयंत्रणा त्यावर तुटून पडते आणि त्या झटापटीत तसंच दिसणारं चांगलं प्रथिनही शत्रू ठरतं. काही रुग्णांत तरी स्क्लेरोडर्मा हा कर्करोगाशी झालेल्या लढाईचा परिणाम असू शकतो. संशोधक एक पाऊल पुढे जाऊन असंही सुचवतात, की ज्यांच्यात अँटिबॉडी आहे पण कर्करोग सापडत नाही, त्यांच्यातल्या काहींच्या शरीराने ती गाठ कदाचित आधीच संपवली असेल. हे अजून सिद्ध व्हायचं आहे. पण रिपोर्टवर आरएनए पॉलिमरेज-३ दिसलं, की आता जाणकार संधिवाततज्ज्ञ बीपीच्या मशीनसोबत वयानुसार मॅमोग्राफीसारख्या तपासण्याही लिहून देतात.