प्रीलिस्टचा शनिवार

शनिवारची सकाळची शाळा सुटली आहे, दहावीचा वर्ग मात्र अजून बसून आहे. बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातली ही जिल्हा परिषदेची प्रशाला. नोव्हेंबरचं ऊन खिडकीतून आत आलंय आणि टेबलावर बोर्डाची प्रीलिस्ट पसरलेली आहे. परीक्षेचे अर्ज ऑनलाइन भरून झाले, की त्यांची ही यादी शाळेनं काढायची, जनरल रजिस्टरशी ताडून बघायची, नावासमोर मुलांच्या सह्या घ्यायच्या आणि पानापानावर मुख्याध्यापकांची सही-शिक्का. आडनाव, नाव, वडिलांचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख. आज नजरेतून जे सुटेल, तेच पुढे मार्कशीटवर छापून येईल.

मी महिन्यातून एकदा इथे ‘दहावीनंतर काय’ या विषयावर मुलांशी बोलायला येतो. आज माझा तास दुसरा. पहिला यादीचा, आणि तो जास्त मोलाचा आहे हे मला ठाऊक आहे. माझ्या मोठ्या भावाच्या दाखल्यावर आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. शाळा सोडून तीन वर्षं झाल्यावर ते लक्षात आलं, आणि एकदा शाळा सोडली की रजिस्टरमधला बदल शाळेच्या हातात राहत नाही, शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी लागते. त्या हेलपाट्यांत त्याची नोकरीची एक संधी गेली. घरात आजही तो विषय निघाला की आई उठून आत जाते.

“अकरा नंबर,” सर हाक देतात.

एक मुलगी उठून टेबलापाशी येते. सरांची पद्धत ठरलेली आहे. डाव्या हाताला उघडं रजिस्टर, उजव्या हाताला आधारची झेरॉक्स, मध्ये यादी. मुलानं स्वतःचं नाव इंग्रजीत एकेक अक्षर करून मोठ्यानं वाचायचं आणि सरांनी दोन्ही कागदांवर बोट फिरवायचं. तिच्या नावात दोन ‘व’ आहेत. रजिस्टरमध्ये दोन्हींना ‘व्ही’. आधारवर दुसऱ्या ‘व’ला ‘डब्ल्यू’.

“बोलताना तर सारखंच येतं की, सर.”

“बोलताना येतं बाळा. उद्या शिष्यवृत्तीचा फॉर्म भरताना मशीन म्हणतं, ही दुसरीच कुणीतरी आहे.”

जन्मदाखल्यावरही ‘व्ही’च आहे, म्हणजे यादी बरोबर आणि दुरुस्ती आधारची. सर तिच्या वहीत लिहून देतात: पंधराव्या वर्षी बोटांचे ठसे नव्यानं द्यावेच लागतात, त्याच फेरीत नावही नीट करून घे, आजोबांना सोबत ने. ती खाली वाकून सही करते. मुलांची ही बहुधा आयुष्यातली पहिलीच अधिकृत सही. काहींनी कालपासून वहीच्या मागच्या पानावर सराव केलाय, शेवटच्या अक्षराला फराटे मारलेत. ही मात्र शुद्धलेखनासारखं पूर्ण नाव लिहिते आणि शाई वाळेपर्यंत बोट बाजूला धरून उभी राहते.

यादी संपायला सव्वा तास लागतो. चार दुरुस्त्या निघतात. एका मुलाच्या आईच्या नावाला ‘बाई’ चिकटलीय, एकाची जन्मतारीख दोन कागदांवर दोन आहे. त्याच्या आजोबांचा वाढदिवस तर आधारवर १ जून आहे. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचा तोच असेल. शाळेत नाव घालताना तारीख ठाऊक नसली, की त्या काळचे गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे.

मग माझा तास. फळ्यावर मी तीन रकाने आखतो: अकरावी, आयटीआय, पॉलिटेक्निक. २०२५ पासून अख्ख्या राज्याची अकरावी ऑनलाइन झाली, त्यात हा तालुकाही आला. दहापर्यंत कॉलेजांचे पसंतीक्रम भरता येतात. पहिल्या पसंतीचं कॉलेज मिळालं आणि प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर. म्हणून पहिल्या नंबरावर असं कॉलेज लिहा, जिथे तुम्ही खरोखर जाणार आहात. मैत्रिणीनं लिहिलं म्हणून आपण लिहायचं नाही. हे मी दर वेळी सांगतो, आणि आजही दोनदा सांगतो.

मागच्या बाकावरचा मुलगा विचारतो, “सर, वेल्डर किती वर्षांचा?”

“एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियन आणि फिटर दोन-दोन वर्षांचे.”

तो मान हलवतो, पण खाली बसत नाही. थोडं थांबून विचारतो, “तिथं राहायचं कसं असतं?”

मुलं नाव ट्रेडचं घेतात, मार्कांचं घेतात, पण मनातला प्रश्न बहुतेक वेळा हाच असतो: राहायचं कुठे, जेवायचं काय, एसटीचा पास किती. इथल्या कितीतरी घरांतली कर्ती माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. आई-वडील मिळून एक कोयता धरतात, मुकादमाकडून उचल घेतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत सांगली, सातारा, कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडात राहतात. मागं आजी आणि दहावीतलं लेकरू. या मुलाला ट्रेड समजावून सांगणं सोपं आहे. मी आधी वसतिगृहाच्या अर्जाचं सांगतो, मगच वेल्डिंगवर येतो.

एका मुलीला पोलीस व्हायचंय. शिपाई भरतीला बारावी पास लागते, मुलींना ८०० मीटर धावायचं असतं, उंची १५५ सेंटिमीटर. उंचीचा आकडा ऐकताच सगळा वर्ग दाराकडे बघतो. चौकटीवर सरांनी खडूनं दोन रेघा मारून ठेवल्यात, १५५ आणि १६५. ती धावत जाऊन पाठ टेकवते. मैत्रीण डोक्यावर पट्टी धरते. रेघेला बोटभर कमी.

“अजून वाढशील,” सर म्हणतात. “जीवशास्त्राची भीती मात्र आताच काढून टाक. भरतीत नाही जमलं, तर बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत तोच विषय लागतो.” एका वाटेशेजारी दुसरी वाट आजच दाखवून ठेवणं, हे मला सरांकडून शिकावंसं वाटतं. मी तिला हेही सांगतो, की २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी सरकारनं माफ केलीय. ती वहीत लिहून घेते आणि खाली दोन रेघा ओढते.

तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभ्या राहतात. डोक्यावर पदर, हातात साधा मोबाईल. अकरा नंबरची आई.

“सर, गाडी दुपारून निघती. मुकादमाचे दोनदा फोन आले. हिचं काही राहिलं का?”

“या ताई, बसा.” सर खुर्ची पुढे करतात, पण त्या लेकीच्या बाकावर जाऊन बसतात. नावाचं काम आजोबा करतील, ते झालं. अडचण उत्पन्नाच्या दाखल्याची आहे. आज काढलेला दाखला ३१ मार्चला संपतो, प्रवेशाला लागेल तो एप्रिलनंतरचा.

“आम्ही एप्रिलात येऊ. पाडव्याला आलो तर आलो, नाहीतर मग कारखाना बंद होईल तवा.”

“नाही आलात तरी इथून अर्ज करता येईल. तुमच्या मोबाईलवर ओटीपी येईल, सहा आकडे. तेवढे वाचून सांगायचे. नंबर बंद होऊ द्यायचा नाही, आणि लेक सोडून दुसऱ्या कुणाला ते आकडे सांगायचे नाहीत.”

बाई मान डोलावतात, मग लेकीकडे बघतात. मुलगी काही न बोलता उठते. माझ्या तीन रकान्यांखाली उरलेल्या जागेत खडूनं सहा मोठे इंग्रजी आकडे लिहिते.

“वाच, आई.”

“चार... एक... सहा...” बाई थांबतात. वर्ग गप्प आहे. “नऊ?”

“गाठ वर असली की नऊ. खाली असली की सहा.” मुलगी खडूनं हवेत गोल काढून दाखवते.

“मग हा सहाच.” पुढचे तीन त्या भराभर वाचतात. मुलगी पुसते, दुसरे सहा लिहिते. या वेळी एकही चुकत नाही. तिसऱ्या वेळी ती मुद्दाम दोन नऊ आणि दोन सहा शेजारी शेजारी मांडते. बाई पदर सावरून फळ्याजवळ जातात, प्रत्येक आकड्याखाली बोट ठेवत वाचतात.

बाहेर रस्त्यावर ट्रॅक्टरचा हॉर्न वाजतो. बाई फाटकाकडे निघतात. मुलगी पायरीपर्यंत जाते आणि तिथूनच ओरडून विचारते, “गाठ खाली?”

“सहा!” बाई मागे न वळता उत्तर देतात.