चित्रातला खाऊ

चार वर्षांच्या मुलीसमोर खाऊची बशी ठेवायची. ‘मी परत येईपर्यंत थांबलीस तर दुप्पट मिळेल, नाहीतर आहे एवढाच,’ असं सांगून मोठ्या माणसाने खोलीबाहेर जायचं. मुलगी किती वेळ दम धरेल? अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बिंग बालशाळेत वॉल्टर मिशेल हे मानसशास्त्रज्ञ 1960च्या दशकाच्या अखेरीपासून हा प्रश्न नाना तऱ्हांनी विचारत होते. पुढे तो, मार्शमेलो या मऊ, गोड खाऊच्या नावावरून, ‘मार्शमेलो प्रयोग’ म्हणून जगभर गाजला. जी मुलं थांबतात ती पुढे आयुष्यात यशस्वी होतात, एवढंच त्यातलं लोकांच्या लक्षात राहिलं. त्याहून कितीतरी नवलाची गोष्ट त्याच मालिकेतल्या, 1976 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात आहे.

मिशेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही मुलांसमोर खरा खाऊ ठेवला आणि सांगितलं, मनातल्या मनात याच्याभोवती चौकट घाल, हे नुसतं चित्र आहे असं समज. दुसऱ्या काही मुलांसमोर खाऊचं चित्र दाखवलं आणि सांगितलं, हा खराखुरा खाऊ आहे असं समज. खऱ्या खाऊला चित्र मानणारी मुलं जवळजवळ 18 मिनिटं थांबली. चित्राला खरं मानणाऱ्यांचा धीर 6 मिनिटांच्या आतच सुटला! चौकटीची युक्ती का चालली, याचं कारण एका छोट्या मुलीने अगदी सहज सांगितलं: चित्र काही खाता येत नाही.

मनात चौकट घातली तरी बशीतल्या खाऊचा वास तोच होता, गोडी तीच होती, मुलांची भूकही तीच होती. बदलली होती फक्त डोक्यातली चौकट. मिशेल म्हणत, हव्याशा वाटणाऱ्या प्रत्येक वस्तूला एक ‘गरम’ बाजू असते आणि एक ‘थंड’. मार्शमेलोची गरम बाजू म्हणजे त्याची चव, जिभेवर विरघळणारा मऊपणा. थंड बाजू म्हणजे त्याचा पांढरा रंग, ढगासारखा गुबगुबीत आकार. मूल गरम बाजूकडे बघत बसलं की हात आपोआप पुढे जातो. थंड बाजूकडे बघितलं की वस्तू समोर असूनही दूर जाते. आधीच्या, 1970 सालच्या प्रयोगात खाऊ डोळ्यांपुढे असताना मुलं सरासरी जेमतेम 1 मिनिट थांबली होती, तर तो नजरेआड ठेवल्यावर 11 मिनिटांहून जास्त. चौकटीने तर खाऊ समोर ठेवूनच हे अंतर तयार केलं.

लहान मुलांना अशी युक्ती का लागते, याचं उत्तर कपाळामागे आहे. आवेगाला लगाम घालणारा मेंदूचा पुढचा भाग सगळ्यात सावकाश पिकतो. त्याची बांधणी पूर्ण व्हायला विशी उलटून जाते. चार वर्षांच्या मुलाला ‘जरा धीर धर की’ म्हणणं म्हणजे त्याच्याकडे अजून पुरतं तयार न झालेलं काहीतरी मागणं. तरीही मुलं धीर धरतात. मिशेलच्या खोलीत कोणी डोळ्यांवर हात ठेवले, कोणी गाणं म्हटलं, कोणी स्वतःशीच गप्पा मारल्या, कोणी झोपून जायचा प्रयत्न केला. दात-ओठ खाऊन बसणाऱ्यांपेक्षा मनाने तिथून सटकणारी मुलं जास्त वेळ टिकली.

मनाने सटकण्याचा सगळ्यात सोपा रस्ता मुलांना कुणी शिकवावा लागत नाही, तो म्हणजे खेळ. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगोत्स्की यांनी 1933 साली लेनिनग्राडमधल्या एका व्याख्यानात हे फार सुंदर उलगडून दाखवलं. एरवी नियम पाळायचा म्हणजे मनाविरुद्ध वागायचं, पण खेळात नियम पाळण्यातच सगळी मजा असते. पुढे झेड. व्ही. मानुइलेन्को यांनी मुलांना हलू नका, उभे राहा असं नुसतं सांगून पाहिलं, आणि मग तेच उभं राहणं ‘तू पहारेकरी आहेस’ असं सांगून खेळात आणलं. पहारेकरी झालेली मुलं कितीतरी जास्त वेळ स्तब्ध उभी राहिली. अलीकडे, 2017 साली, रेचेल व्हाइट आणि सहकाऱ्यांनी 4 आणि 6 वर्षांच्या 180 मुलांना संगणकावरचं एक कंटाळवाणं काम 10 मिनिटांसाठी दिलं. शेजारी टॅबलेटवर छानसा खेळ ठेवलेला, केव्हाही उठून खेळायला मोकळीक. जी मुलं बॅटमॅन किंवा बॉब द बिल्डर होऊन ‘बॅटमॅन मेहनत करतोय का?’ असं स्वतःलाच विचारत होती, ती कामाला सगळ्यात जास्त चिकटून राहिली. ‘मी मेहनत करतोय का?’ असं विचारणारी सर्वांत मागे पडली.

चौकट आणि सोंग ही दोन्ही साधनं एकाच वस्तूत हवी असतील तर पुस्तकांच्या कपाटाकडे जावं. चित्रपुस्तकातला केक कितीही चविष्ट काढलेला असो, तो चौकटीतच असतो. चित्रातला हट्टी मुलगा आदळआपट करत असतो, आणि तो राग आपलाच आहे हे ओळखूनही आपण मांडीवर सुखरूप बसून तो बघू शकतो.

मॉरिस सेंडक यांचं ‘व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर’ हे 1963 सालचं पुस्तक या दृष्टीने उघडून बघण्यासारखं आहे. मॅक्स नावाचा मुलगा दंगा करतो, आई त्याला न जेवता झोपायला पाठवते, आणि त्याच्या खोलीत जंगल उगवू लागतं. पहिल्या पानांवर चित्रं लहान आहेत, भोवती भरपूर पांढरा कागद. मॅक्सचा आवेग वाढतो तसं प्रत्येक पानावर चित्र मोठं होत जातं. ते कडांपर्यंत पोहोचतं, मग समोरच्या पानावर सांडतं, आणि राक्षसांच्या धिंगाण्याची तीन जोडपानं तर शब्दांशिवाय, काठोकाठ भरलेली आहेत. त्यानंतर चित्र आटू लागतं. शेवटच्या पानावर चित्र नाहीच, मोजके शब्द आहेत. आवेग कसा चढतो, शिगेला पोहोचतो आणि ओसरतो, हे न वाचता येणाऱ्या मुलाला कागदाच्या आकाराने कळतं. त्याहून मौज अशी, की मॅक्स त्या राक्षसांचा राजा होतो आणि दंगा पुरे झाल्यावर त्यांना न जेवता झोपायला पाठवतो. आईने त्याच्यावर चालवलेला अधिकार तो आता आपल्याच रानटीपणावर चालवतो. व्हिगोत्स्कींनी व्याख्यानात सांगितलेली गोष्ट सेंडक यांनी रंगरेषांत करून दाखवली.

मो विलेम्स यांनी 2003 साली वेगळी खोडी काढली. ‘डोन्ट लेट द पिजन ड्राइव्ह द बस!’ या पुस्तकात बसचा ड्रायव्हर जाताना वाचणाऱ्या मुलालाच बजावतो, की कबुतराला बस चालवू देऊ नकोस. मग कबुतर येतं आणि विनवण्या, लाडीगोडी, लाच, रडारड, थयथयाट असे सगळे प्रकार करून बघतं. हे सगळे डावपेच मुलाला घरचेच वाटतात, कारण काल संध्याकाळी दुकानात त्याने हेच वापरलेले असतात. इथे मात्र नकार द्यायचं काम त्याच्याकडे आलेलं असतं, आणि ते तो आनंदाने ओरडून करतो. जो हट्ट रोज आतून अनुभवतो, तो त्याला पहिल्यांदाच बाहेरून दिसतो.

आपल्याकडे हे तंत्र पुस्तकं छापली जाण्याच्या कितीतरी आधीपासून आहे. चिऊ-काऊच्या गोष्टीत शेणाचं घर वाहून गेलेला कावळा भिजत दाराशी उभा राहतो आणि चिमणी एकामागून एक कामं पुढे करून त्याला थांबवत राहते. बाळाची अंघोळ, कपडे, जेवण, झोप. ऐकणारं मूल कावळ्यासारखंच ताटकळत असतं, पण त्याला त्या ताटकळण्याची गोडी लागलेली असते. पुढचं काम कोणतं ते त्याला पाठ असतं, आणि आजीने घाईत एखादं गाळलं तर तेच तिला अडवतं. तीन वर्षांचं मूल उशीर कमी झाल्याची तक्रार करतंय, असा प्रसंग दुसरा कुठे सापडेल?

याउलट, भीती दाखवून संयम शिकवण्याचा प्रयोगही होऊन गेला आहे. फ्रँकफर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमान 1844च्या नाताळात आपल्या तीन वर्षांच्या मुलासाठी चित्रपुस्तक शोधत होते. मनासारखं मिळेना, तेव्हा कोरी वही आणून त्यांनी स्वतःच गोष्टी लिहिल्या आणि चित्रं काढली. पुढच्या वर्षी छापलेलं ते ‘श्ट्रुव्वेलपेटर’ जर्मनीत घरोघरी पोहोचलं. त्यात काड्यापेटीशी खेळणारी मुलगी जळून राख होते आणि अंगठा चोखणाऱ्या मुलाचे अंगठे शिंपी येऊन कात्रीने कापून टाकतो. पुस्तक गमतीने भरलेलं आहे आणि मुलांना ते आवडलंही. पण भीतीने वागणं सुधारतं का? कॅनडात कांग ली आणि सहकाऱ्यांनी 2014 साली 3 ते 7 वर्षांच्या मुलांना निरनिराळ्या गोष्टी सांगून, ती चोरून खेळणं पाहिल्याचं कबूल करतात का ते तपासलं. खोटं बोलणाऱ्या पिनोकिओचं नाक वाढतं किंवा लांडगा आला रे म्हणणाऱ्याची फजिती होते, अशा गोष्टींनी फरक पडला नाही. खरं बोलल्याबद्दल मुलाचं कौतुक होतं, त्या गोष्टीने पडला.

संयमाच्या बाबतीतही असंच काहीसं दिसतं. 2020 साली कायला हैमोविट्झ, कॅरल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी एक गोष्टीचं पुस्तक तयार केलं. त्यातल्या पात्राला थांबून राहिल्यावर थकवा येत नाही, उलट अंगात बळ आल्यासारखं वाटतं. हे पुस्तक ऐकलेली मुलं मग खाऊसमोर जास्त वेळ थांबली, आणि मन दुसरीकडे वळवण्याच्या युक्त्या त्यांच्या त्यांनी शोधल्या. पात्र निवडतानाही थोडं भान हवं. टोरंटोत 2018 साली केलेल्या अभ्यासात, वाटून घेण्याची गोष्ट माणसांच्या पात्रांची असली तर मुलांनी आपले स्टिकर जास्त वाटले. तीच गोष्ट कपडे घातलेल्या रकूनची असली तर नाही. गोष्टीतली शिकवण आपल्या वागण्यात आणायची, तर पात्र आपल्यासारखं वाटावं लागतं.

आता भोपळ्यातल्या म्हातारीची गोष्ट आठवा, पण यावेळी वाघाच्या बाजूने. लेकीकडे निघालेली हडकुळी म्हातारी वाघाला पटवते, की आत्ता खाण्यापेक्षा मी धष्टपुष्ट होऊन परत येईपर्यंत थांब. बिंग बालशाळेत मुलांना घातलेली अट आणि ही अट तंतोतंत एकच! वाघ संयम पाळतो, आणि म्हातारी भोपळ्यात बसून त्याच्या नाकासमोरून निघून जाते. पुढच्या वेळी तो वाघ थांबेल का? रोचेस्टर विद्यापीठात सेलेस्ट किड यांनी 2013 साली नेमका हाच प्रश्न 28 मुलांना घेऊन तपासला. मार्शमेलो देण्याआधी मुलांना चांगले रंग आणि मोठे स्टिकर आणून देण्याचं कबूल केलं. निम्म्या मुलांना ते मिळाले. उरलेल्यांना ‘अगं, संपलेच की’ असं ऐकावं लागलं. शब्द पाळलेला बघितलेली मुलं सरासरी 12 मिनिटं थांबली, फसवली गेलेली 3 मिनिटं. ज्याचा जगावर भरवसा नाही त्याने हातातलं लगेच खाऊन टाकणं हा शहाणपणाच म्हणायला हवा.

म्हणूनच ‘थांबणारी मुलं पुढे यशस्वी होतात’ या गाजलेल्या भाकिताकडेही जपून बघायला हवं. 2018 साली टायलर वॉट्स आणि सहकाऱ्यांनी 900हून अधिक मुलांची माहिती तपासली, तेव्हा घरची परिस्थिती वगैरे गोष्टी हिशेबात धरल्यावर थांबण्याचा आणि पुढच्या यशाचा संबंध बराचसा विरून गेला. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी कुटुंबांतली 4 वर्षांची जवळपास 70 टक्के मुलं खाऊसाठी थांबली, तर जर्मनीतली 30 टक्क्यांहून कमी. थांबण्याची सगळी ताकद मूल जन्माला येताना बांधून आणत नाही. घरातली माणसं, त्यांच्या सवयी आणि त्यांचे शब्द यांतूनही ती हळूहळू जमा होते.

रात्री पुस्तक उघडताना एवढं पुरेसं आहे. पान उलटण्याआधी क्षणभर थांबा आणि पुढे काय असेल ते मुलाला सांगू द्या. कबुतराला नकार तुम्ही देऊ नका, त्यालाच देऊ द्या. दुसऱ्या दिवशी दुकानात पाय आपटायची वेळ आली, तर ‘शहाण्यासारखं वाग’ म्हणण्यापेक्षा ‘मॅक्सने आत्ता काय केलं असतं?’ असं विचारून बघा. पुस्तक संपल्यावर तात्पर्य सांगण्याची घाई तेवढी टाळा, कारण तात्पर्य निघालं की खेळ मोडतो. आणि जेवण झाल्यावर दोन गोष्टी वाचायचं कबूल केलं असेल, तर डोळे मिटायला लागले तरी दुसरी वाचाच. त्या दुसऱ्या गोष्टीत संयमाचा एक शब्दही नसला तरी चालेल.