लामाच्या दोरीला शाळकरी हात

अमेरिकेतल्या फोर-एच या युवा उपक्रमात (सुरुवात 1902, ओहायो) मुलं लामा आणि अल्पाका सांभाळतात, काउंटीच्या जत्रेत रिंगणात उतरवतात. मला सगळ्यात आवडते ती शोमनशिपची फेरी. तिथे गुण जनावराच्या रूपाला नसतात, हाताळणाऱ्या मुलाला असतात.

अडथळ्यांच्या फेरीत पूल, पायऱ्या, ओंडके. दीडशे किलोचा लामा ओढून हलत नाही, पाय रोवून उभाच राहतो! मग दोरी सैल सोडायची, त्याला ओंडका हुंगू द्यायचा, धीर धरायचा. कान मागे पडले, हनुवटी वर गेली की तो थुंकायच्या बेतात आहे, हे ही पोरं लांबूनच ओळखतात. अल्पाका अंगाने निम्मा, पण लोकर फारच मऊ.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींनो, उन्हाळ्यात जवळची जत्रा नक्की गाठा.