स्वतःचाच पंचनामा

एखादं साधं ॲप्लिकेशन चुकीच्या पत्त्यावर हात घालतं तेव्हा कर्नल त्याला बंद करतं, हवी तर त्याच्या मेमरीची प्रत डिस्कवर ठेवतं आणि पुढच्या कामाला लागतं. चूक करणारा एक आणि तिची नोंद घेणारा दुसरा, अशी ती सोय आहे. पण चूक खुद्द कर्नलच्या कोडमध्ये झाली तर नोंद घ्यायला वर कोणी उरत नाही. ज्याचा अपघात झाला त्यानेच जागेवर बसून पंचनामा लिहायचा, आणि लिहिताना हाताशी असलेल्या कुठल्याही वस्तूवर पुरता भरवसा ठेवायचा नाही. लिनक्स कर्नल कोसळताना रजिस्टर आणि स्टॅक यांचा जो मजकूर छापतं, तो मी याच नजरेने वाचत आलो आहे. त्यातल्या आकड्यांइतकाच मला तो छापणारा कोड मोलाचा वाटतो. इतक्या अविश्वासाने लिहिलेला कोड मी दुसरीकडे क्वचितच पाहिला आहे.

हा मजकूर निवांत बघायचा तर तो मुद्दाम घडवून आणावा. क्यूएमूमध्ये एक आभासी मशीन सुरू करायचं, त्याचा सिरियल कन्सोल आपल्या टर्मिनलवर घ्यायचा आणि चुकीचं लिहिलेलं एक छोटं मॉड्यूल लोड करायचं. माझ्या मॉड्यूलमध्ये आठ-आठ बाइटची दोन फील्ड असलेलं एक स्ट्रक्चर आहे. त्याचा पत्ता ज्यात असायला हवा तो पॉइंटर शून्य आहे, आणि एक फंक्शन त्या स्ट्रक्चरमधलं दुसरं फील्ड वाचून छापायला जातं. एंटर दाबताच ओळींमागून ओळी सरसरत येतात, शेवटी शेल 'किल्ड' एवढंच म्हणतं, आणि मशीन चालूच राहतं. कर्नलने फक्त मॉड्यूल लोड करणारी प्रोसेस मारलेली असते.

पहिली ओळ उमटण्याआधी बरंच काही घडून गेलेलं असतं. त्या पत्त्यावर काहीच नाही हे प्रोसेसरच्या लक्षात येतं तेव्हा तो चुकीचा पत्ता सीआर2 या रजिस्टरमध्ये लिहितो. आपण कुठल्या सूचनेवर होतो, स्टॅक कुठे होता, फ्लॅग काय होते, हे तो कर्नलच्या स्टॅकवर ठेवतो. लगेच असेंब्लीतल्या काही ओळी उरलेली रजिस्टरं त्याच्याच शेजारी ठेवून देतात. सी भाषेतला कोड सुरू होऊन रजिस्टरं वापरू लागण्याआधी हे उरकावंच लागतं, नाहीतर पुरावा पुसला जाईल. मग कर्नल एक प्रश्न विचारतं: ही सूचना चुकू शकते हे आपल्याला आधीपासून ठाऊक होतं का? यूजर प्रोग्रामच्या मेमरीतून मजकूर उचलणाऱ्या सूचना अशा असतात, आणि त्यांची यादी एका तक्त्यात असते. तक्त्यात नाव असेल तर गाजावाजा न करता चूक परत कळवली जाते. नसेल तर छपाई सुरू.

छापणाऱ्या कोडवर विचित्र बंधनं असतात. दोन प्रोसेसर एकाच वेळी कोसळले तर ओळी एकमेकांत मिसळू नयेत म्हणून तो लॉक घेतो. पण ज्या प्रोसेसरने लॉक घेतलं तोच छापता छापता पुन्हा कोसळला, तर त्याला अडवायचं नाही, कारण तो स्वतःचीच वाट बघत कायमचा थांबेल. नवी मेमरी मागायची नाही. मेमरी वाटणारा कोडच कदाचित बिघडलेला असेल. डिस्कवरून काही वाचायचं नाही. म्हणून फंक्शनांची नावं आणि पत्ते यांचा तक्ता आधीपासून मेमरीत बसवलेला असतो. 2.4 आवृत्तीच्या काळात ही सोय नव्हती. कर्नल नुसते आकडे छापायचं, आणि केसिमऊप्स नावाचं साधन नंतर कर्नलच्या नकाशाच्या फाइलवरून नावं लावायचं. फाइल दुसऱ्या बिल्डची असली तर नावं चुकीची लागायची, आणि दिसायला अगदी खरी वाटायची.

आता माझ्या मॉड्यूलचा मजकूर बघू. पहिलीच ओळ सांगते की कर्नलने शून्य पॉइंटर वापरला आणि पत्ता 8 होता. पत्ता नेमका शून्य नाही ही गोष्ट महत्त्वाची आहे. पुढे आरआयपीच्या, म्हणजे चालू सूचनेचा पत्ता ठेवणाऱ्या रजिस्टरच्या, ओळीत माझ्या फंक्शनचं नाव आहे आणि त्याला जोडून +0एक्स10/0एक्स30. हे आकडे हेक्समध्ये असतात, म्हणजे 48 बाइटच्या फंक्शनात आपण 16 बाइट आत आहोत. त्याखाली 'कोड' अशी ओळ, तिच्यात चुकलेल्या सूचनेच्या आगेमागे असलेले मिळून 64 बाइट, आणि जिथे पाय अडकला तो बाइट कोनी कंसात. तिथून वाचलं तर 48 8बी 70 08. उलगडलं तर अर्थ होतो, 'आरएएक्समधल्या पत्त्यात 8 मिळवून तिथला मजकूर आरएसआयमध्ये आण.' रजिस्टरांच्या ओळींत आरएएक्स शून्य आहे. सीआर2 मध्ये 8 आहे. म्हणजे सूचना, रजिस्टर आणि चुकलेला पत्ता, या तिघांनी वेगवेगळ्या जागेवरून एकच जबानी दिली: पॉइंटर शून्य होता आणि आपण आठव्या बाइटला असलेलं, म्हणजे दुसरं, फील्ड वाचत होतो. सोर्स न उघडता इतकं कळतं. आरएसआय का, तर छापणाऱ्या फंक्शनला दुसरा आर्ग्युमेंट त्या रजिस्टरातून जातो.

तिघांची जबानी जुळते का हे बघायची सवय मी नव्या मुलांना पहिल्यांदा लावतो, कारण ती नेहमी जुळत नाही. समजा लिस्टमधला एकच घटक दोनदा काढला गेला. लिस्टमधून घटक काढताना कर्नल त्याच्या दोन्ही पॉइंटरांत मुद्दाम विषारी पत्ते भरून ठेवतं. एक्स86च्या 64 बिटी कर्नलमध्ये पहिला असतो डेड000000000100. तो पत्ता प्रोसेसरच्या नियमांतच बसत नाही, म्हणून तिथे हात घातला की माझ्या मॉड्यूलसारखा पेज फॉल्ट होत नाही, जनरल प्रोटेक्शन फॉल्ट होतो. आणि या प्रकारात प्रोसेसर सीआर2 ला हातच लावत नाही. तरी छापलेल्या मजकुरात सीआर2 ची ओळ असतेच, आणि तिच्यातला पत्ता कुठल्या तरी आधीच्या, कदाचित अगदी निरुपद्रवी, पेज फॉल्टचा असतो. त्याच्या मागे लागून दिवस घालवणारी हुशार माणसं मी पाहिली आहेत. इथे आधी रजिस्टरं चाळावीत. एखाद्यात 'डेड'ने सुरू होणारा पत्ता दिसला की काढून टाकलेला घटक पुन्हा वापरला गेला. सगळीकडे 6बी6बी6बी6बी दिसलं तर सोडून दिलेली मेमरी कोणीतरी पुन्हा वाचली. डीबगिंगची सोय चालू असेल तर कर्नल सोडलेल्या मेमरीत 6बी हाच बाइट भरून ठेवतं. चूक घडली तेव्हा नाही, तर खूप आधी, पुढे कोण अडखळेल हे ठाऊक नसताना पेरून ठेवलेल्या या खुणा आहेत.

त्यानंतर येतो कॉल ट्रेस. तो खालून वर वाचावा. सर्वांत खाली सिस्टम कॉलचं प्रवेशद्वार, वर लोड_मॉड्यूल, त्यावर डू_इनिट_मॉड्यूल, डू_वन_इनिटकॉल, मग माझं मॉड्यूल. काही नावांपुढे मात्र प्रश्नचिन्ह असतं. एक्स86च्या 64 बिटी कर्नलमध्ये प्रत्येक कामाचा स्टॅक 16 केबीचा असतो. त्यात परतीचे पत्ते, फंक्शनांची आपापली मूल्यं आणि आधीच्या, संपलेल्या कॉलांचा उरलेला गाळ, सगळं एकत्र पडलेलं असतं. स्टॅकवर फंक्शनच्या पत्त्यासारखा आकडा सापडला, पण तो खरोखर या साखळीतला आहे याची खात्री पटली नाही, तर कर्नल तो लपवत नाही आणि खरा असल्याचंही सांगत नाही. पुढे प्रश्नचिन्ह लावून छापतं. मला या सगळ्या मजकुरात ते चिन्ह सर्वांत जास्त आवडतं. मरताना लिहिलेल्या कागदावरही माहिती आणि शंका वेगळ्या ठेवायच्या, असं कोणीतरी ठरवलं होतं.

साखळी नेमकी लावणं वाटतं तितकं सोपं नाही. 2006 मध्ये कंपायलरने ठेवलेल्या ड्वॉर्फ नोंदी वाचून साखळी लावणारा कोड कर्नलमध्ये आला होता. पण त्याने सोडवले त्याहून जास्त प्रश्न निर्माण केले, आणि त्याच वर्षाच्या शेवटी लिनस टोरवाल्ड्सने तो काढून टाकला. अपघाताची नोंद घेणाराच अपघात करू लागला तर मूळ चूक कुठली हे कधीच कळणार नाही. समाधानकारक उत्तर यायला 2017 उजाडलं. 4.14 मध्ये जॉश पॉइम्बॉफ यांचा ऑर्क आला. तो बिल्डच्या वेळीच साधे, आटोपशीर तक्ते तयार करून ठेवतो, म्हणजे संकटाच्या क्षणी हिशेब फार उरत नाही.

काय छापावं हा वाद कर्नलइतकाच जुना आहे. 1991 च्या 0.01 आवृत्तीतही 'डाय' नावाचं फंक्शन होतं. ते मोजकी रजिस्टरं, सूचनेचे 10 बाइट आणि, चूक यूजर मोडमधली असेल तर, स्टॅकवरचे चार आकडे छापायचं. पुढे स्टॅकच्या कच्च्या आकड्यांच्या ओळीच्या ओळी येऊ लागल्या आणि वर्षानुवर्षं तशाच राहिल्या. 2016 मध्ये त्या काढल्या गेल्या. त्या आकड्यांतून कर्नलचे पत्ते बाहेर फुटत होते, आणि टोरवाल्ड्सचं म्हणणं होतं की 1992 च्या सुमारास त्यांचा उपयोग व्हायचा, पण गेल्या दहाहून जास्त वर्षांत आपण ते वापरल्याचं आठवत नाही. मला हा निर्णय पटतो. निरुपयोगी ओळ नुसती जागा अडवत नाही, ती कामाची ओळ पडद्यावरून वर ढकलते.

आणि पडद्यावर 25 ओळीच मावत असत. सर्वांत महत्त्वाची पहिली ओळ वर निघून जायची, आणि लोक उरलेल्या ओळींचे कॅमेऱ्याने फोटो काढून पाठवायचे. सिरियल केबल हा त्यावरचा जुना आणि अजूनही सर्वांत भरवशाचा उपाय. नेटवर्कवरून ओळी पाठवणारा नेटकन्सोल हा दुसरा. पण चूक इंटरप्टमध्ये झाली तर प्रोसेस मारून भागत नाही, कर्नल पॅनिक होतं आणि 'नॉट सिंकिंग' असं लिहितं. डिस्कवर लिहायचं राहून गेलेलं आता लिहिणार नाही, असा त्याचा अर्थ. ज्याला स्वतःच्या मेमरीचा भरवसा नाही त्याने डिस्कला हात न लावलेलाच बरा. मग ती मेमरी जपायची कोणी? 2005 मध्ये, 2.6.13 पासून, केडंप हे काम करू लागलं. मशीन सुरू होतानाच थोडी मेमरी राखून तिच्यात दुसरं कर्नल तयार ठेवायचं; पहिलं कोसळलं की थेट दुसऱ्यात उडी, आणि त्याने मृताची सगळी मेमरी एखाद्या फाइलसारखी वाचायची. चालू कर्नलमधून थेट दुसरं सुरू करणाऱ्या, एरिक बीडरमन यांच्या केएक्झेकवर हे उभं केलं विवेक गोयल, हरिप्रसाद नेल्लितीर्थ आणि आयबीएमच्या भारतातल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी.

घरच्या लॅपटॉपवर मात्र सिरियल पोर्ट नसतो आणि केडंप सहसा कोणी बसवलेलं नसतं. तिथे पॅनिक म्हणजे गोठलेला पडदा, कारण मजकूर ग्राफिक्सच्या मागे अडकलेला. 2024 मध्ये 6.10 पासून कर्नलला तो पडदा ताब्यात घेऊन निरोप दाखवता येऊ लागला, आणि 6.12 मध्ये त्यावर क्यूआर कोडची भर पडली: शेवटच्या ओळी दाबून त्यात भरल्या जातात, आणि फोनने टिपून घेता येतात. क्यूआर कोड बनवणारा भाग रस्ट भाषेत लिहिला आहे. त्यालाही त्या क्षणी नवी मेमरी मागायची मुभा नाही. लागणारे बफर आधीच बाजूला काढून ठेवलेले असतात.