सीलबंद कागदांचा वकील

अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एक जुना नियम आहे. धर्मादाय संस्थेवर नुकसानभरपाईचा दावा जिंकलात, तरी तिच्याकडून 20 हजार डॉलरच्या वर छदामही मिळत नाही. बोस्टनचा कॅथलिक महाधर्मप्रांत कायद्याच्या लेखी धर्मादाय संस्थाच. फादरने लहान मुलावर अत्याचार केला, वरिष्ठांनी ते कळल्यावरही त्याला नुसतं दुसऱ्या धर्मग्रामात धाडलं, तरी संस्थेला धास्ती तेवढ्याच रकमेची. एवढ्यासाठी कोणता वकील वर्षानुवर्षं कोर्टाच्या पायऱ्या झिजवील?

मिचेल गॅराबेडियन यांनी झिजवल्या. 'स्पॉटलाइट' (2015) या चित्रपटात स्टॅनली टुचीने रंगवलेला तो चिडका, कागदांच्या ढिगात बुडालेला वकील म्हणजे हेच. आर्मेनियन वंशाच्या कुटुंबातले, मॅसॅच्युसेट्समध्येच वाढलेले. 1990च्या दशकात जॉन गेगन या पाद्र्याच्या अत्याचारांना बळी पडलेल्यांची वकीलपत्रं ते घेऊ लागले.

त्यांचं खरं कसब प्रतिवादी निवडण्यात होतं. 20 हजारांची मर्यादा संस्थेला लागू होती, हलगर्जीपणा करणाऱ्या वरिष्ठांना वैयक्तिकरीत्या नव्हे. म्हणून त्यांनी बिशपांना आणि थेट कार्डिनल बर्नार्ड लॉ यांना प्रतिवादी केलं. आता दिवाणी दाव्यात प्रतिवादीला प्रत्येक आरोपाला लेखी उत्तर द्यावंच लागतं. 2001च्या उन्हाळ्यात लॉ यांच्या उत्तरातून बाहेर आलं, की गेगनविरुद्धची तक्रार त्यांच्यापर्यंत 1984मध्येच पोचली होती. त्याच वर्षी गेगनची रवानगी झाली होती वेस्टनच्या सेंट ज्युलिया धर्मग्रामात. मुलं तिथेही होतीच.

'बोस्टन ग्लोब'मधल्या एका स्तंभाने ही कबुली वाचकांसमोर आणली. नवे संपादक मार्टिन बॅरन जुलैअखेरीस रुजू झाले आणि त्यांनी पहिली चौकशी केली ती दाव्यातले सीलबंद कागद उघडता येतील का, याची. वृत्तपत्राने अर्ज केला, नोव्हेंबर 2001मध्ये न्यायाधीश कॉन्स्टन्स स्वीनी यांनी सील काढण्याचा आदेश दिला आणि 6 जानेवारी 2002ला या प्रकरणाची पहिली बातमी आली. पुलित्झर पारितोषिक वृत्तपत्राला मिळालं, ते योग्यच. पण गॅराबेडियननी आधी दावे लावले नसते, तर सील काढायला कागद तरी कुठून येणार होते? फौजदारी खटल्यात गेगनला नऊ ते दहा वर्षांची शिक्षा झाली, ती एका मुलाशी पोहण्याच्या तलावात केलेल्या चाळ्यांबद्दल. तक्रारदार होते 130हून अधिक. बहुतेकांची प्रकरणं मुदतीच्या कायद्यात बाद झालेली.

हे सांगताना वकिलांना सरसकट नायक करणं मला पटत नाही. त्याआधीच्या वर्षांत गेगनची सुमारे 50 प्रकरणं महाधर्मप्रांताने एक कोटीहून अधिक डॉलर मोजून मिटवली होती, तीही गुपचूप. गुप्ततेच्या अशा तडजोडींवर पीडितांच्या वकिलांच्याही सह्या असत. अशिलाला पैसे मिळत, वकिलाला त्यातला वाटा मिळे आणि त्या पाद्र्याबद्दल पुढच्या मुलाच्या आईला काही कळत नसे. पीडितालाच चव्हाट्यावर येणं नको असे, असं या वकिलांचं म्हणणं. ते खोटं नाही, पण सोयीचं नक्कीच आहे.

वाट्याची ही पद्धतच या व्यवसायाचं इंजिन. अशील सुरुवातीला काही देत नाही. दावा हरला तर वकिलाची फी बुडाली, जिंकला तर साधारण एक तृतीयांश त्याची. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी निकालावर अवलंबून फी ठरवायला वकिलाला मनाई आहे. बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या 'पॉक्सो' कायद्याखालचं विशेष न्यायालय भरपाईचा आदेश देऊ शकतं, महाराष्ट्रात 2013पासून पीडितांना अर्थसाह्य देणारी 'मनोधैर्य' योजना आहे. पण योजनेचा पैसा सरकारी तिजोरीतला. ज्या संस्थेने प्रकरण दडपलं, तिचं कपाट त्याने उघडत नाही.

बोस्टनमध्येही ते सहज उघडलं नाही. मार्च 2002मध्ये गेगनच्या पीडितांशी दीड ते तीन कोटी डॉलरची तडजोड ठरली. मे महिन्यात महाधर्मप्रांताच्या अर्थमंडळाने हात वर केले. सप्टेंबरमध्ये 86 जणांना मिळून एक कोटी मिळाले. म्हणजे सरासरी माणशी सव्वा लाखाहूनही कमी, त्यातून वकिलाची फी वजा. डिसेंबरात लॉ पायउतार झाले. पुढच्या वर्षी 552 जणांसाठी साडेआठ कोटींची तडजोड झाली, त्यात गॅराबेडियन यांचेही अशील होते. कुणाला 80 हजार, कुणाला तीन लाख, हे त्रयस्थांनी प्रत्येकाची हकिगत ऐकून ठरवायचं. बालपणीच्या जखमेचा दर ठरवण्याची ही बैठक कल्पनेतही अंगावर येते, पण त्याहून बरा मार्ग मला तरी सुचत नाही.

गॅराबेडियन तिथे थांबले नाहीत. हैतीतल्या काप-हाइतियन शहरात डग्लस पर्लिट्झ हा अमेरिकन माणूस रस्त्यावरच्या मुलांसाठी शाळा चालवत असे. जेवण, कपडे, निवारा यांच्या बदल्यात त्याने मुलांचं शोषण केलं. 2010मध्ये अमेरिकेत त्याला 19 वर्षं 7 महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या शाळेशी संबंधित अमेरिकन संस्थांमध्ये फेअरफील्ड विद्यापीठ आणि जेझुइट संघही होते. गॅराबेडियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यांच्यावर कनेक्टिकटच्या संघीय न्यायालयात दावे लावले. 2013मध्ये 24 जणांसाठी 1.2 कोटी डॉलर मिळाले. ते कळल्यावर आणखी मुलगे पुढे आले आणि 2019मध्ये 130हून अधिक जणांसाठी सहा कोटींची तडजोड झाली.