बर्फ बघायला नव्हे, शिकायला जावे

आषाढीच्या वाटेवर संत तुकाराम महाराजांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीत मेंढ्यांचे रिंगण होते आणि मुक्कामाला ती सणसरला येते. या वाटेवरच्या गावांना प्रवासाची एक जुनी समज आहे. वारी कडेला उभे राहून बघता येते, पण ती कळते चालणाऱ्याला. याच सणसर-भवानीनगर पट्ट्यातल्या, बारामती-इंदापुरातल्या अनेक घरांसाठी परदेशाची सहल आता अप्रूपाची राहिलेली नाही. कुणाचा मुलगा नोकरीनिमित्त तिकडे असतो, कुणी द्राक्ष-डाळिंबाच्या पैशातून आईवडिलांना युरोप दाखवून आणतो. या सहलींत सर्वांत जास्त ओढ असते ती बर्फाची, आणि नेमके तिथेच आपण कडेला उभे राहतो. केबल कारने वर जायचे, बर्फाचे गोळे एकमेकांवर फेकायचे, फोटो काढायचे आणि दोन तासांत बसमध्ये बसायचे. इतक्या लांबचा आणि इतक्या खर्चाचा प्रवास बर्फासाठी करायचाच असेल, तर चार देश धावत बघण्याऐवजी एका डोंगरगावी आठवडाभर राहावे आणि स्कीइंग शिकावे, असे माझे म्हणणे आहे. त्यात पैशाचे चीज जास्त होते, शरीराला काही नवे येते आणि ते गाव कशावर जगते हेही समजते.

आपण बर्फ असा घाईने का बघतो, याचे मुख्य कारण शाळेचे वेळापत्रक आहे. आपल्या सहली निघतात मे महिन्यात आणि आल्प्समधला स्कीइंगचा हंगाम असतो साधारण डिसेंबर ते एप्रिल. मे महिन्यात खालचे उतार हिरवे झालेले असतात. बर्फ उरतो तो उंचावरच्या हिमनद्यांवर, म्हणून सगळ्या बस स्वित्झर्लंडमधल्या टिटलिसला नाही तर युंगफ्राउयोखला जातात. टिटलिसचे वरचे स्थानक तीन हजार मीटरच्या वर आहे आणि युंगफ्राउयोखचे रेल्वे स्थानक ३,४५४ मीटरवर. मराठी सहल संस्थांनी ही वाट इतकी सोपी केली की इंग्रजी न येणारी आजीही निर्धास्तपणे तिथे जाऊन येते, आणि हे काम लहान नाही. पण त्या आखणीत शिकण्याला जागा नाही. शेतकरी कुटुंबाची अडचण तर दुहेरी आहे, कारण आल्प्समधला स्कीइंगचा हंगाम आणि आपल्याकडचा ऊसगाळपाचा हंगाम बराचसा एकाच वेळी चालतो. ऊस तोडणीला आलेला असताना घर सोडणे कुणाला परवडत नाही. तरीही फट सापडते. दहावी-बारावीची परीक्षा मार्चमध्ये संपते, तोवर गाळपाची घाईही ओसरू लागते, आणि फ्रान्समधले व्हाल थोरान्स किंवा स्वित्झर्लंडमधले झरमॅट अशा उंचावरच्या ठिकाणी एप्रिलमध्येही चांगला बर्फ असतो. दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असल्याने न्यूझीलंडमधल्या क्वीन्सटाउनच्या आसपासचा हंगाम जूनमध्ये सुरू होतो.

स्कीइंगचे मोठे ठिकाण असते तरी कसे, हे झरमॅटच्या उदाहरणावरून समजून घेऊ. हे गाव सुमारे १,६०० मीटर उंचीवर आहे, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याहून किंचित खाली. गावात पेट्रोल-डिझेलच्या खासगी गाड्यांना प्रवेश नाही, पाहुणे रेल्वेने येतात. गावापासून केबल कार चढत चढत ३,८८३ मीटरवर जाते आणि तिथून स्कीवर सीमा ओलांडून इटलीतल्या चेर्व्हिनियाला उतरता येते. दोन्ही बाजूंचे मिळून सुमारे ३६० किलोमीटरचे आखलेले उतार आहेत. युरोपात प्रत्येक उताराला त्याच्या कठीणपणाप्रमाणे रंग दिलेला असतो. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड, आणि काही देशांत त्याहून सोपा हिरवा. या सगळ्याचा कणा म्हणजे लिफ्ट. एकेकाळी उतरण्याच्या दोन मिनिटांच्या आनंदासाठी तासभर चढावे लागे. १९३६मध्ये अमेरिकेतल्या सन व्हॅलीत पहिली चेअरलिफ्ट सुरू झाली. ती सुचली युनियन पॅसिफिक रेल्वेचे अभियंते जेम्स करन यांना. जहाजावर केळीचे घड चढवण्यासाठी फिरत्या दोरावर आकडे लावण्याची यंत्रणा त्यांना ठाऊक होती. आकड्यांच्या जागी त्यांनी खुर्च्या लावल्या आणि डोंगर चढण्याचे कष्टच संपले. खेळ मूठभर धट्ट्याकट्ट्यांच्या हातून सुटून सामान्य कुटुंबांपर्यंत पोचला तो या खुर्चीमुळे.

शिकण्याची सुरुवात बर्फावर होत नाही, भाड्याने साहित्य देणाऱ्या दुकानात होते. बूट कडक कवचाचा असतो, टाच त्यात अजिबात उचलली जाऊ नये इतका घट्ट. आपल्याकडची मंडळी थंडीच्या धास्तीने दोन-दोन लोकरीचे मोजे घालतात. त्याने पाय आवळला जातो, रक्त नीट फिरत नाही आणि उलट जास्त गारठतो. एकच पातळ, लांब मोजा पुरतो. मग दुकानदार वय, उंची, वजन विचारतो, बुटाच्या तळव्याची लांबी बघतो, आधी कितपत येते हेही विचारतो आणि त्या हिशेबाने बूट स्कीला धरून ठेवणाऱ्या पकडीचा स्क्रू फिरवतो. विचित्र पडल्यास ही पकड सुटून पाय मोकळा व्हावा, अशी तिची रचना असते. म्हणून इथे संकोचाने वजन कमी सांगू नये आणि येत नसताना येते असेही म्हणू नये. त्या स्क्रूवर गुडघा अवलंबून असतो. नंतर सपाटशा जागेवर एका पायात स्की घालून सरकणे, मग दोन्ही पायांत. स्कीची पुढची टोके जवळ आणि मागची लांब ठेवली की पाचरीसारखा आकार होतो आणि वेग आवरतो. थांबणे यायला लागले की वळणे, आणि वर जायला जमिनीलगतचा सरकता पट्टा. सुदृढ माणसाने चार-सहा दिवस सकाळचा वर्ग नीट केला तर सोप्या निळ्या उतारावरून तो सावकाश, स्वतःच्या ताब्यात उतरू शकतो. दोन तासांच्या फेरीत यातले पहिले पाऊलही टाकून होत नाही.

यावर कुणी म्हणेल की नवशिक्याला शंभर मीटरचा उतार पुरतो, मग ३६० किलोमीटरचे भाडे का भरायचे? आक्षेप रास्त आहे आणि त्याचा पहिला अर्धा भाग मी पूर्ण मान्य करतो. जाहिरातीतले किलोमीटर नवशिक्याच्या उपयोगाचे नसतात. ठिकाण निवडताना शिकाऊंसाठी वेगळा, सपाटीला टेकलेला भाग आहे का, इंग्रजीत शिकवणारे प्रशिक्षक आहेत का आणि शिकाऊ भागापुरता स्वस्त पास मिळतो का, हे विचारावे. पण मोठ्या ठिकाणाचा फायदा वेगळ्या जागी आहे. आपण सहसा तीन पिढ्या मिळून जातो. नातवंडे आणि त्यांचे आईवडील शिकत असताना आजी-आजोबांनी खोलीत बसून राहायचे का? झरमॅटला १८९८पासून चालणारी गोर्नरग्राटची दातेरी रुळांची रेल्वे स्की न घालणाऱ्यांनाही ३,०८९ मीटरवर नेते आणि समोर मॅटरहॉर्न उभा दिसतो. अशी सोय छोट्या ठिकाणी क्वचितच असते. ज्यांना स्वित्झर्लंडचा खर्च झेपणारा नाही त्यांच्यासाठी बल्गेरियातले बान्स्को, जॉर्जियातले गुदाउरी किंवा कझाकस्तानात अल्माटी शहराला लागून असलेले शिम्बुलाक ही कमी खर्चाची ठिकाणे आहेत, आणि शिकायला तिथलाही बर्फ तितकाच चांगला.

दुसरा आक्षेप अधिक मोलाचा आहे: काश्मीर आणि उत्तराखंड असताना परदेश कशाला? माझे उत्तर असे की, शक्य असेल त्याने आधी तिथेच जावे. गुलमर्गला इंग्रजांच्या काळापासून स्कीइंग चालते. १९२७मध्ये तिथे स्की क्लब ऑफ इंडियाची स्थापना झाली. आज तिथली गंडोला ही केबल कार अफरवट शिखराच्या खांद्यावर सुमारे ३,९५० मीटरपर्यंत जातो. २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू होता तो गुलमर्गच्या मातीतला आरिफ खान. उत्तराखंडातल्या औलीला गढवाल मंडल विकास निगम सात आणि चौदा दिवसांचे स्कीइंगचे वर्ग घेते. पहिला आठवडा तिथे, मग परदेशात दुसरा, असा क्रम लावला तर परदेशातला पैसा पुरेपूर वसूल होतो. मात्र आपल्याकडे लिफ्ट थोड्या आणि मध्यम कठीणपणाचे, नीट दाबून सपाट केलेले उतार कमी. गुलमर्गचे वरचे उतार तरबेजांसाठीच आहेत. नवशिक्यापासून मध्यम पातळीपर्यंत नेणारा जिना मोठ्या परदेशी ठिकाणी सलग बांधलेला सापडतो, आणि तेवढ्यापुरते तिथे जाणे समर्थनीय ठरते.

घरच्यांची खरी भीती असते ती हातपाय मोडण्याची. ही भीती खोटी ठरवण्याची गरज नाही, तिच्यावर उपाय आहेत. स्कीइंगमध्ये सर्वांत जास्त त्रास होतो तो गुडघ्याच्या अस्थिबंधांना, आणि बऱ्याच दुखापती थकल्यावर, दिवसाच्या शेवटच्या फेरीत होतात. म्हणून दुपारी पाय जड झाले की थांबावे आणि हेल्मेट मोठ्यांनीही घालावे. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे दहा नियम आहेत. त्यातला एक कायम ध्यानात ठेवावा: खाली असलेल्याला वाट द्यायची जबाबदारी वरून येणाऱ्याची. खुणा केलेल्या उतारांवर हिमकडे कोसळण्याचा धोका पाहून ते बंद केले जातात, गरज पडली तर सुरुंग लावून साठलेला बर्फ आधीच पाडला जातो. खुणांच्या बाहेर ही राखण नसते, तिकडे नवशिक्याने पाऊल टाकू नये. ताजा बर्फ अतिनील किरणे ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो, तेव्हा इंदापूरच्या उन्हात रापलेल्या माणसालाही गॉगल आणि क्रीम हवेच. विम्याकडे तर विशेष लक्ष द्यावे. शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतोच, पण प्रवास विम्याच्या अनेक पॉलिसींत स्कीइंग वगळलेले असते. हिवाळी खेळ आणि डोंगरावरून हेलिकॉप्टरने उतरवण्याचा खर्च धरला आहे का, हे पॉलिसीत वाचल्याशिवाय सही करू नये.

सर्वांत अवघड आक्षेप पाण्याचा आणि हवामानाचा. आल्प्समधला नैसर्गिक बर्फ कमी होत चालला आहे. इटलीत सुमारे ९० टक्के आणि ऑस्ट्रियात सुमारे ७० टक्के उतारांवर यंत्राने बर्फ पाडण्याची सोय करावी लागली आहे. हवा शून्याच्या खाली दोन-चार अंश गेली की तोफेसारखी यंत्रे पाण्याचे बारीक तुषार उडवतात आणि ते गोठून खाली पडतात. एक घनमीटर पाण्यातून दोन ते अडीच घनमीटर बर्फ होतो. एक हेक्टर उतारावर ३० सेंटिमीटर थर द्यायचा तर बारा ते पंधरा लाख लिटर पाणी लागते, आणि त्यासाठी डोंगरावर तळी बांधावी लागतात. नीरा डाव्या कालव्याच्या आवर्तनाची वाट पाहणाऱ्या आणि शेततळ्यात थेंब थेंब साठवणाऱ्या वाचकाला हा आकडा नुसता वाचूनही जाणवेल. विमानाचा धूर तर याहून मोठा. हा आक्षेप पुरता खोडता येणार नाही. मला इतकेच म्हणायचे आहे की, जायचे ठरलेच असेल तर क्वचित जावे, एकाच ठिकाणी जास्त राहावे आणि पाहुणा म्हणून त्या ठिकाणाचा हिशेबही समजून घ्यावा.

आठवडाभर राहिले तर तो हिशेब दिसतोही. झरमॅटच्या जुन्या कुटुंबांची बुर्गरगेमाइंडे नावाची सामाईक संस्था आहे. गावाभोवतीचे रान आणि कुरणे तिच्याकडे आहेत, हॉटेले तिच्या मालकीची आहेत आणि लिफ्ट चालवणाऱ्या कंपनीत तिचा वाटा आहे. गुरे चारून जगणाऱ्या गावाने पर्यटन आले तेव्हा सगळी जमीन बाहेरच्यांना विकून टाकली नाही. शेजारी भवानीनगरला सभासदांच्या मालकीचा श्री छत्रपती सहकारी साखर कारखाना असलेल्या सणसरच्या माणसाला ही गोष्ट आपली वाटेल, आणि प्रश्नही नेमके सुचतील: नफा कुणाकडे जातो, हंगामी मजूर कुठून येतात, ते कुठे राहतात, पाणी कुणाचे? दोन तासांच्या फेरीत असे प्रश्न पडायला सवडच मिळत नाही.

म्हणून पुढची सहल ठरवताना संयोजकाला किती देश दाखवणार, हे विचारण्याआधी काही वेगळे विचारावे. एका गावात सलग सहा रात्री ठेवाल का? सकाळचा स्कीइंगचा वर्ग भाड्यात धरलेला आहे का? बूट, हेल्मेट आणि शिकाऊ भागाचा पास कोण देणार? विम्यात हिवाळी खेळ आहेत का? स्की न करणाऱ्या ज्येष्ठांसाठी काय आहे? आज अशा सहली मराठीत फारशा विकल्या जात नाहीत, कारण कुणी मागत नाही. केसरी, वीणा वर्ल्ड यांसारख्या संस्थांनी मराठी माणसाला परदेशाची सवय लावली ती मागणी ओळखूनच. बारामती-इंदापूरच्या पाच-सहा कुटुंबांनी एकत्र येऊन मागणी केली तर शिकण्याची सहलही आखली जाईल, आणि त्या घरांतली मुले फोटोंबरोबर स्वतःच्या पायांवर उतार उतरण्याची कला घेऊन परत येतील.